मित्राचा मृत्यू, वायूचं वजन: राजकुमार केसवानी यांचं प्रकरण

पत्रकारितेच्या वर्गात एक नियम सुरुवातीलाच शिकवतात. ज्या बातमीत आपलं माणूस गुंतलेलं आहे, ती बातमी सहकाऱ्याकडे सोपवावी. नियम चुकीचा नाही. पण भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी तो 1981 च्या डिसेंबरात पाळला असता, तर युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीच्या कारखान्याबद्दलचे, डिसेंबर 1984 च्या वायुदुर्घटनेआधीचे सर्वांत स्पष्ट इशारे कधी छापलेच गेले नसते. ते इशारे कुणी ऐकले नाहीत, ही गोष्ट वेगळी आणि तिच्याकडेही यायचंच आहे. आधी मात्र हे पाहायला हवं, की एका मृत्यूने एका शहर-बातमीदाराला रसायनशास्त्राकडे कसं नेलं.

विज्ञान पत्रकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा विज्ञानाची पदवी घेतलेला, संशोधनपत्रिका वाचणारा, परिषदांना जाणारा माणूस येतो. केसवानी तसे नव्हते. 1950 साली भोपाळमध्ये जन्मलेला, शहराच्या जुन्या भागात रमणारा, हिंदी-उर्दू कवितेचा आणि जुन्या सिनेसंगीताचा मनापासून शौकीन असा हा माणूस. ‘रपट’ नावाचं एक छोटं हिंदी साप्ताहिक तो चालवत होता. रसायनशास्त्राशी त्याचा काही संबंध नव्हता. तरीही औद्योगिक विज्ञानावरचं भारतातलं सर्वांत महत्त्वाचं वार्तांकन कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी याच साप्ताहिकाचं नाव घेतो.

अश्रफ

युनियन कार्बाइडचा भोपाळचा कारखाना 1969 मध्ये सुरू झाला. तिथे ‘सेविन’ नावाचं कीटकनाशक तयार होई. पुढे कंपनीने सेविनसाठी लागणारं मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, भोपाळमध्येच बनवायला सुरुवात केली. 1980 पासून ते उत्पादन चालू झालं. प्रक्रिया अशी: फॉस्जीन आणि मिथाइलअमाइन यांच्यापासून एमआयसी, आणि एमआयसीची अल्फा-नॅफ्थॉलशी क्रिया घडवून सेविन. म्हणजे अंतिम माल शेतात फवारायची पावडर, पण तिथवर पोचायच्या वाटेवर दोन जीवघेणी रसायनं. त्यातल्या फॉस्जीनची ख्याती तर पहिल्या महायुद्धापासूनची. खंदकांतल्या सैनिकांवर ते सोडलं गेलं होतं.

डिसेंबर 1981 च्या शेवटच्या आठवड्यात देखभालीचं काम चालू असताना मोहम्मद अश्रफ या कामगाराच्या अंगावर फॉस्जीन उडालं. घाबरून त्याने तोंडावरचा मुखवटा काढला आणि वायू छातीत गेला. थोड्याच काळात तो दगावला. तो केसवानींचा मित्र होता.

फॉस्जीनची एक क्रूर तऱ्हा आहे. फुफ्फुसात गेल्यावर ते हळूहळू ओलाव्याशी क्रिया करतं, पेशींना इजा होते आणि फुफ्फुसांत पाणी साठू लागतं. हे लगेच जाणवतंच असं नाही. बाधा झालेला माणूस काही तास बरा दिसू शकतो, बोलू शकतो, आणि मग श्वास कोंडून जातो. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, धोका टळला. एखाद्या वायूबद्दलची इतकी साधी माहिती घरच्यांना, शेजाऱ्यांना, त्या भागातल्या डॉक्टरांनाही नसावी, ही अश्रफच्या मृत्यूतली खरी बातमी होती. एरवी शहरासाठी तो कारखान्यातला एक अपघात होता. कारखान्यात माणसं मरतात, नुकसानभरपाई मिळते, आणि नोकरी चांगली म्हणून रांगेत दुसरा उभा असतो. कार्बाइडची नोकरी म्हणजे त्या काळी भोपाळमध्ये मान होता.

केसवानींना हे पटेना. त्यांचा पहिला प्रश्न कुणाही मित्राचा असतो तोच होता: माझा माणूस कशाने गेला? पुढचा प्रश्न मात्र बातमीदाराचा होता: ज्याने तो गेला, ते तिथे किती साठवलंय आणि बाहेर आलं तर कुठे जाईल?

वजनाचा हिशेब

अश्रफ गेल्यापासून पहिला लेख छापून येईपर्यंत सुमारे नऊ महिने गेले. या प्रकरणात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हेच महिने. शोक ताजा असताना संतापाचा एक अग्रलेख लिहिणं सोपं होतं. साप्ताहिक स्वतःचं, अडवणारं कुणी नाही. केसवानींनी तसं केलं नाही. ते कामगारांना भेटत राहिले, नोकरीवरच्या आणि काढून टाकलेल्या दोघांनाही. कारखान्याच्या आतली कागदपत्रं मिळवली. आणि फॉस्जीन म्हणजे काय, एमआयसी म्हणजे काय, हे वाचायला बसले.

त्यांच्या हाती जे लागलं त्यातलं मर्म शाळकरी गणिताचं आहे. फॉस्जीनच्या रेणूत कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक आणि क्लोरीनचे दोन. अणुभारांची बेरीज 12 अधिक 16 अधिक 71, म्हणजे 99. हवेचा सरासरी रेणुभार साधारण 29. म्हणजे हा वायू हवेच्या सुमारे साडेतीनपट जड. एमआयसीचा रेणुभार 57, म्हणजे हवेच्या जवळपास दुप्पट. जड वायू वर जाऊन विरत नाही. तो जमिनीलगत सरपटतो, सखल भागात साचतो, दाराच्या फटीतून आत येतो. आता शहराचा नकाशा घ्या. कारखान्याच्या भिंतीबाहेर जयप्रकाश नगर, छोला, काझी कॅम्प यांसारख्या दाट वस्त्या, पलीकडे रेल्वे स्टेशन, मग जुनं भोपाळ. वारा त्या दिशेने वाहत असेल तर काय होईल, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही.

पुष्कळ लोक केसवानींना आज द्रष्टा म्हणतात. मला तो शब्द त्यांच्यावर अन्याय करणारा वाटतो. द्रष्ट्याला दिसतं, यांनी शोधून काढलं. घनता, साठा, वाऱ्याची दिशा, वस्तीचं अंतर, सुरक्षायंत्रणांची अवस्था, एवढी माहिती जुळवली की निष्कर्ष आपोआप येतो. हीच माहिती सरकारी खात्यांनाही मिळू शकत होती. 1975 च्या भोपाळ विकास आराखड्यातच घातक उद्योग शहरापासून दूर, वेगळ्या जागी असावेत असं म्हटलं होतं. कारखाना जागचा हलला नाही. उलट त्याच जागेवर एमआयसीचं उत्पादन सुरू झालं.

याच सुमारास कंपनीच्या अमेरिकेतल्या तज्ज्ञांचं एक पथक भोपाळला येऊन गेलं. मे 1982 च्या त्या तपासणीत त्यांनी 61 धोके नोंदवले. त्यांतले 30 गंभीर, आणि 11 थेट फॉस्जीन-एमआयसी विभागांतले. एका बाजूला कंपनीचे इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला मित्र गमावलेला बातमीदार. दोघं वेगवेगळ्या वाटेने गेले आणि एकाच ठिकाणी पोचले. फरक इतकाच, की एकाचं लिखाण कपाटात गेलं आणि दुसऱ्याचं चौकात.

तीन लेख

सप्टेंबर 1982 मध्ये ‘रपट’मध्ये पहिला लेख आला: ‘बचाइये हुजूर, इस शहर को बचाइये’. 1 ऑक्टोबरला दुसरा: ‘ज्वालामुखी के मुहाने बैठा भोपाल’. 8 ऑक्टोबरला तिसरा: ‘ना समझोगे तो आख़िर मिट ही जाओगे’.

या दोन तारखांच्या मधे काय झालं ते लक्षात घेण्यासारखं आहे. 5 ऑक्टोबरच्या रात्री कारखान्यात पुन्हा गळती झाली. कामगारांना बाधा झाली, आणि भोवतालच्या वस्त्यांतली माणसं घरं सोडून पळत सुटली. नशिबाने ती गळती आवरली. म्हणजे इशारा छापून आल्यावर आठवड्याच्या आत त्याचा छोटा नमुना शहराने अनुभवला होता. तरी तिसऱ्या लेखानंतर काहीही बदललं नाही. केसवानींनी मुख्यमंत्री अर्जुन सिंह यांना पत्रही लिहिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा कामगारमंत्र्यांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा: हा 25 कोटींचा कारखाना आहे, दगड उचलून दुसरीकडे ठेवावा तसा तो हलवता येणार नाही, आणि भोपाळला त्याच्यापासून कसलाही धोका नाही.

‘रपट’चं पुढे बंद पडणं अटळ होतं. जाहिराती नसलेली छोटी साप्ताहिकं किती काळ तग धरतात, हे आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतून आपण पाहिलेलंच आहे. पण केसवानींनी विषय सोडला नाही. 16 जून 1984 रोजी, म्हणजे दुर्घटनेच्या साडेपाच महिने आधी, दिल्लीच्या ‘जनसत्ता’ने त्यांचा लेख छापला. आता वृत्तपत्र मोठं होतं, राजधानीतलं होतं. तरीही शांतताच.

का? कारणं अनेक देता येतील. कंपनीचा दबदबा, शहरातल्या नोकऱ्या, अधिकाऱ्यांचे लागेबांधे. ती सगळी खरी आहेत. माझ्या मते आणखी एक होतं. ‘याचा मित्र मेला म्हणून हा असं लिहितो’ हे वाक्य फार सोयीचं असतं. ते एकदा उच्चारलं, की रेणुभाराच्या बेरजेकडे पाहायची गरजच उरत नाही. लिहिणाऱ्याचं दुःख हेच त्याचा पुरावा न वाचण्याचं निमित्त होतं. ज्या विज्ञान पत्रकारांचा विषय त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेला असतो, त्या जवळपास सगळ्यांना या भिंतीशी झुंजावं लागतं.

अमेरिकेतल्या रोझ कुशनर या पत्रकार बाईंचं उदाहरण इथे आठवतं. 1974 मध्ये त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. त्या काळी तिथली रीत अशी होती, की बाईला भूल द्यायची, गाठ तपासायची आणि कर्करोग निघाला तर ती बेशुद्ध असतानाच स्तन काढून टाकायचा. जागी होईपर्यंत तिला काहीच माहीत नसे. कुशनर यांनी याला नकार दिला, वैद्यकीय लेख उपसले, दुसऱ्या देशांतल्या पद्धती अभ्यासल्या आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. सर्जन मंडळी चिडली. रुग्ण बाईने आम्हाला शिकवावं का, असा सूर होता. पण 1979 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक भरवली तेव्हा त्या समितीत कुशनर होत्या, आणि तपासणी व शस्त्रक्रिया हे दोन वेगळे टप्पे असावेत अशी शिफारस तिथून आली. त्यांना ऐकणारी एक संस्था मिळाली. भोपाळमध्ये अशी संस्थाच नव्हती.

2 आणि 3 डिसेंबरच्या मधली रात्र

तपशील अनेकांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. ई-610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 42 टन एमआयसी होतं. एमआयसी साधारण 39 अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून ते शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं असतं; पण शीतकरण यंत्रणा जून 1984 पासूनच बंद होती. बाहेर पडणारा वायू जाळणारा मनोरा जोडलेला नव्हता, वायू धुऊन काढणारी यंत्रणा वेळेवर कामी आली नाही. खर्च कमी करायचा म्हणून एमआयसी विभागातली माणसं निम्म्यावर आणली होती. टाकीत पाणी शिरलं, क्रिया पेटली, दाब वाढला आणि वायू बाहेर पडला. वारा वस्त्यांच्या दिशेने होता.

केसवानी त्या रात्री शहरातच होते आणि वायूची बाधा त्यांनाही झाली. तीन वर्षांपूर्वी एका माणसासाठी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घराच्या खिडकीतून आत येत होतं.

इथे मला वजनाच्या त्या हिशेबाकडे परत यावंसं वाटतं. त्या रात्री लोक वाऱ्याच्या दिशेने, वायूच्या सोबतच पळाले, आणि धावताना लागलेल्या धापेमुळे जास्त वायू आत गेला. मुलं उंचीने लहान, म्हणजे वायूच्या दाट थराच्या अधिक जवळ. एमआयसी पाण्याशी क्रिया करतं, त्यामुळे तोंडा-नाकावर ओलं फडकं धरलं असतं तर पुष्कळांचा त्रास कमी झाला असता. वाऱ्याच्या उलट किंवा आडव्या दिशेने जायचं, एवढं माहीत असतं तरी कितीतरी जण वाचले असते. ही माहिती कारखान्यातल्या कामगारांकडे होती. त्यांनी वारा पाहून पळ काढला. भिंतीबाहेर ती कुणी सांगितली नव्हती. हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली तेव्हा डॉक्टरांना वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हेही कळेना. विज्ञानाची माहिती लोकांपर्यंत पोचवणं हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण वगैरे आपण म्हणतो. भोपाळमध्ये ती फडक्याएवढ्या साध्या गोष्टीची आणि जगण्या-मरण्याची बाब होती.

सरकारचा सुरुवातीचा आकडा 2,259 मृतांचा होता. पुढे मध्य प्रदेश सरकारने वायुबाधेने झालेले 3,787 मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना यापेक्षा कितीतरी मोठी संख्या सांगतात. बाधितांची संख्या सरकारनेच साडेपाच लाखांच्या वर सांगितली आहे.

नंतरची वर्षं

दुर्घटनेनंतर जगभरचे बातमीदार भोपाळला आले आणि सगळ्यांना केसवानी हवे होते. त्यांना बी. डी. गोएंका पुरस्कार मिळाला; 2010 मध्ये पर्यावरणविषयक पत्रकारितेसाठी प्रेम भाटिया पुरस्कारही मिळाला. आपलं म्हणणं खरं ठरलं याचा त्यांनी कधी अभिमान मिरवला नाही. जो अंदाज चुकावा म्हणून लिहिला होता, तोच तंतोतंत खरा ठरला, याचा आनंद कसा व्हायचा?

इथे मला विज्ञान पत्रकारांच्या आयुष्याबद्दल एक गोष्ट आवर्जून मांडायची आहे. अनुभवाने घडवलेला पत्रकार म्हटलं की आपण त्याच्या प्रेरणेबद्दल बोलतो. अनुभवाची किंमत कुणी मोजत नाही. एकदा एका विषयाने माणूस पकडला की तो सुटत नाही. केसवानींनी पुढे दूरचित्रवाणीसाठी काम केलं, ‘दैनिक भास्कर’मध्ये हिंदी सिनेमावर अतिशय रसाळ सदर लिहिलं, जुन्या तबकड्यांचा मोठा संग्रह केला, कविता लिहिल्या. तरीही दर डिसेंबरला त्यांच्याकडे माइक येई आणि त्यांना तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागे: अश्रफ, मग लेख, मग ती रात्र. 1989 मध्ये कंपनी आणि भारत सरकार यांच्यात 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली तेव्हा, 2010 च्या जूनमध्ये कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली तेव्हाही. कुणी त्यांना विषय बदलू देत नव्हतं, आणि माझ्या मते त्यांनाही तो बदलायचा नव्हता. 21 मे 2021 रोजी कोविडनंतरच्या गुंतागुंतीतून भोपाळमध्येच त्यांचं निधन झालं.

मग सुरुवातीच्या नियमाचं काय करायचं? मी तरुण बातमीदारांशी बोलतो तेव्हा हे प्रकरण त्यांच्यापुढे ठेवतो आणि दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगतो. प्रश्न कुठून आला, आणि उत्तर कशावर उभं आहे. प्रश्न घरातून यावा, मसणातून यावा, त्यात काही गैर नाही. माणसं मेल्याशिवाय काही प्रश्न कुणाला सुचतच नाहीत. उत्तर मात्र अशा गोष्टींवर उभं हवं, ज्या त्या मित्राला कधीही न भेटलेल्या माणसालाही तपासून पाहता येतील. 99 आणि 29 या आकड्यांना अश्रफ कोण होता हे माहीत नसतं. केसवानींनी मित्राचा मृत्यू वाचकांपासून लपवलाही नाही आणि युक्तिवादाचा आधारही केला नाही. संपादकांनीही यातून घेण्यासारखं आहे: व्यक्तिगत धागा असलेली बातमी हातातून काढून घेण्यापेक्षा त्या बातमीदाराला एक कठोर, परका वाचक द्यावा, जो प्रत्येक आकडा विचारेल.

आजच्या बातमीदाराच्या हातात काय आहे

केसवानींना कागद चोरट्या वाटेने मिळवावे लागले. आज तसं करायची गरज नाही, ही भोपाळनंतरची थोडी तरी खरी कमाई. 1987 मध्ये कारखाने अधिनियमात भर पडली आणि कलम 41-ब आलं: धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याच्या मालकाने धोक्यांची आणि ते टाळण्याच्या उपायांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि परिसरातल्या जनतेलाही द्यायची, असं त्यात ठरलं; नोव्हेंबर 2025 पासून या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आणि हे बंधन आता तिच्यात आहे. 1989 च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या आपत्तीसाठी वेगळा आराखडा लागतो, आणि बाधा होऊ शकेल अशा लोकांना काय करायचं हे आधी सांगावं लागतं. 2005 पासून माहितीचा अधिकार आहे.

महाराष्ट्रात हे सगळं दूरचं नाही. डोंबिवली एमआयडीसीत मे 2016 मध्ये आणि पुन्हा मे 2024 मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसं गेली, घरांच्या काचा लांबवर फुटल्या. अंबरनाथ, तारापूर, रोहा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ: प्रत्येक ठिकाणी भिंतीला लागून वस्ती आहे, शाळा आहे, रोजचा बाजार आहे. तिथल्या स्थानिक वार्ताहराने कुणी दगावायची वाट न पाहता विचारावेत असे प्रश्न केसवानींनी नऊ महिने खपून तयार करून ठेवले आहेत. कोणतं रसायन, किती साठा, हवेपेक्षा जड की हलकं, पाण्याशी त्याचं काय होतं, वारा कोणत्या महिन्यात कुठे वाहतो, जवळच्या सरकारी दवाखान्यात त्यावरचा उपचार कुणाला माहीत आहे, आणि कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा जिल्हाधिकारी कचेरीत कोणत्या तारखेचा आहे. पहिला अर्ज दहा रुपयांत होतो.